वाचकांचे प्रश्न : लासलगावचा कांदा, ठेवायचा की विकायचा?

मागच्या अंकात निफाड तालुक्यावर दोन पानं आली होती, त्यात लासलगावच्या बाजाराबद्दल अगदी थोडं लिहिलं होतं, आणि नेमकं त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. काही पत्रानं, बरेचसे व्हॉट्सअॅपवर. सगळे घेता येणार नाहीत, पण ज्यावर बोलायलाच हवं असे निवडलेत. मी याच भागातला, घरी कांदा होतो, तेव्हा जे सांगतो ते बांधावरून आणि मार्केटच्या आवारातून सांगतोय.

काका, कांदा महागला की टीव्हीवर लासलगाव दिसतं, स्वस्त झाला की दिसत नाही. हे गाव आहे कुठे आणि कांदा तिथेच का?
– एक वाचक, ठाणे

नाशिक रोडवरून मनमाडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसा, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव आणि मग लासलगाव. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे रेल्वे गेली, तिच्या वाटेवर हे गाव आलं आणि तिथून त्याचं नशीब बदललं, कारण माल बाहेर जायला गाडी दारात मिळाली. बाजार समिती झाली १९४७ साली. निफाड आणि विंचूरला तिचे उपबाजार आहेत.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. लासलगावात येणारा सगळा कांदा लासलगावात पिकत नाही. गोदावरी आणि कादवेच्या काठची निफाडची बागायती जमीन द्राक्षाला, उसाला गेलेली आहे. कांदा मोठ्या प्रमाणावर येतो तो चांदवड, येवला, सिन्नर, तिकडे कोपरगाव, वैजापूरपर्यंतच्या कमी पावसाच्या पट्ट्यातून. एक विहीर, तिच्यात फेब्रुवारीपर्यंत कसंबसं पाणी, अशा शेतकऱ्याला ऊस परवडत नाही, द्राक्षाचा खर्च झेपत नाही. चार महिन्यांत हातात रोख पैसा देणारं पीक म्हणजे कांदा, म्हणून तो कांदा करतो. आवड म्हणून नाही, दुसरं काही बसत नाही म्हणून. हे लक्षात ठेवलं तर पुढची सगळी उत्तरं नीट कळतील.

लिलाव नेमका होतो कसा? शेतकरी स्वतःचा भाव स्वतः का सांगत नाही?
– एक वाचक, पुणे (आयटीत काम करते, पण आजोळ शेतकऱ्याचं)

ताई, प्रश्न चांगला विचारलात. सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, पूर्वी बैलगाड्या असायच्या. माल गोणीत नसतो, ट्रॉलीत मोकळा असतो, म्हणजे वरून दिसतो. बाजार समितीचा माणूस बोली पुकारत पुढे जातो आणि व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्याबरोबर ट्रॉलीपासून ट्रॉलीकडे सरकतो. हातात दोन कांदे घेतात, दाबून बघतात, पत्ती सुटलीय का, रंग कसा, साइज एकसारखी आहे का, जोड (दोन फाकी झालेले) किती, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) किती, आणि बोली सुरू. एका गाडीला मिनिटभर लागलं तरी खूप. चार महिने पाणी दिलेल्या मालाचा निकाल तेवढ्यात लागतो आणि शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून नुसतं ऐकत असतो.

बोली क्विंटलवर. सौदा पावती मिळाली की गाडी भुईकाट्यावर, वजन झालं की व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन खाली करायची. तिथे खरी धाकधूक असते, कारण ट्रॉलीच्या तळातून हलका माल निघाला तर व्यापारी म्हणतो वरचा आणि खालचा एक नाही, भाव कमी करा. याला आमच्याकडे वांधा म्हणतात. कधी व्यापाऱ्याचं खरं असतं, कधी नसतं. भांडण वाढलं तर बाजार समितीकडे जायचं. मग पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, होते, तीत हमाली, तोलाई, वाराई अशा कपाती असायच्या. २०१६ साली शेतकऱ्याकडून अडत, म्हणजे दलाली, घेणं सरकारनं बंद केलं ते फार बरं झालं, पण बाकीच्या कपातींवरून वाद चालूच राहिले, २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यावरूनच नाशिक जिल्ह्यातले लिलाव कित्येक दिवस बंद होते.

शेतकरी नाही म्हणू शकतो का? म्हणू शकतो. भाव पटला नाही तर माल द्यायचा नाही, दुपारच्या सत्रात परत रांगेत लागायचं नाहीतर घरी न्यायचा. पण ट्रॅक्टर भाड्याचा असतो, डिझेल जळलेलं असतं, घरी न्यायचा म्हणजे परत उतरवायचा, परत भरायचा, प्रत्येक हाताळणीत कांदा सोलून निघतो. त्यामुळे हक्क आहे, पण तो वापरायला खिशात थोडी ऐपत लागते.

अजून एक सांगतो, बातमीत जो आकडा येतो तो बहुतेक वेळा कमाल भाव असतो. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव देते. कमाल भाव दोन-चार गाड्यांना मिळालेला असू शकतो. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर सर्वसाधारण बघत जा.

भाव नसेल तर शेतकऱ्यानं कांदा ठेवून द्यावा ना. चाळी असतात असं वाचलंय. मग रस्त्यावर का फेकतात?
– एक वाचक, सांगली

दादा, हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारला, म्हणून जरा सविस्तर.

कांदा एक नसतो. वर्षात तीन येतात. पावसाळ्यात लागण होऊन दिवाळीच्या आगेमागे निघतो तो लाल, त्याला पोळ पण म्हणतात. त्यानंतर जानेवारी ते मार्चला निघतो तो रांगडा. आणि डिसेंबर-जानेवारीत लागण होऊन एप्रिल-मेमध्ये निघतो तो उन्हाळ. देशाच्या उत्पादनातला साठ-सत्तर टक्के कांदा हा रब्बीचा, म्हणजे उन्हाळ. आणि टिकतो फक्त हाच. लाल कांद्यात पाणी जास्त, मान जाड, तो काही आठवड्यांतच सडतो किंवा कोंब येतो. तेव्हा डिसेंबरात लाल कांद्याचा भाव पडला आणि तुम्ही म्हणालात ठेवून द्या, तर कुठे ठेवणार, ठेवायला तो बनलेलाच नाही. तो रस्त्यावर ओतलेला दिसतो तेव्हा राग असतो हे खरं, पण त्याच्यामागे हिशोबही असतो की काढणी, कापणी, भाडं धरून मार्केटला नेणंच तोट्याचं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये आले आणि त्यानं ते पंतप्रधानांकडे मनीऑर्डरनं पाठवले, ते आठवत असेल तुम्हाला. दीड रुपया पण किलोला पडला नाही.

आता उन्हाळ. हा चाळीत ठेवता येतो. चाळ म्हणजे जमिनीपासून उंच घेतलेली लांबट शेड, खालून आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळती, वर पत्रे किंवा कौलं. आत कांदा चार-पाच फुटांच्या वर रचायचा नाही, नाहीतर खालचा दबतो आणि घाम सुटतो. भरायच्या आधी शेतात पातीसकट सुकवायचा, मग मान थोडी ठेवून कापायचा, सावलीत परत सुकवायचा, निवड करायची, गोलटी (बारीक) वेगळी, चिंगळी (त्याहून बारीक) वेगळी, जोड आणि डेंगळे बाहेर. एवढं सगळं केलं तरी चार-पाच महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तीस-चाळीस टक्के माल जातो.

हिशोब करून बघा. समजा एप्रिलमध्ये शंभर क्विंटल कांदा आहे आणि भाव हजार रुपये. आज विकला तर एक लाख. सप्टेंबरपर्यंत ठेवला तर सत्तर क्विंटल उरला. म्हणजे नुसते तेच एक लाख यायला भाव १४०० च्या वर पाहिजे, आणि त्यात चाळीचा खर्च, परत निवडायची मजुरी, मधल्या काळातलं कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. भाव दोन हजार झाला तर जिंकला, बाराशेच राहिला तर पाच महिने राखण करून तोटा. आणि जून उजाडला की सोयाबीन, मक्याचं बी-खत आणायचं असतं, पोरांच्या फिया असतात, सोसायटीचं कर्ज मार्चलाच नवं-जुनं केलेलं असतं. ज्याच्या घरात नोकरीचा एक पगार येतो, किंवा दुभती जनावरं चार आहेत, तो थांबू शकतो. ज्याच्याकडे फक्त कांदाच आहे त्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्त विकावा लागतो. माझ्या मते आमच्या भागातल्या गरिबी-श्रीमंतीतला खरा फरक एकरांवर मोजू नये, कोण किती महिने थांबू शकतो यावर मोजावा. पंचवीस टनांपर्यंतच्या चाळीला टनामागे साडेतीन हजार अनुदानाची योजना बरीच वर्षं चालली, त्यानं पुष्कळांना चाळ मिळाली, पण चाळीत माल असताना घर कशावर चालवायचं याची सोय तशी कुठल्याच योजनेत नीट झालेली नाही. माल तारण ठेवून कर्ज ही कल्पना चांगली आहे, पण सडणाऱ्या मालावर कोण सहज पैसे देतो?

कांद्यात बायकांचं काम किती असतं? बातम्यांमध्ये तर फक्त पुरुष दिसतात.
– एक वाचक, लातूर

ताई, मार्केटमध्ये पुरुष दिसतात कारण ट्रॅक्टर ते आणतात. शेतात उलटं आहे. उळं, म्हणजे रोपासाठीचं बी, टाकलं की साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी रोप उपटायचं, जुड्या करायच्या आणि वाफ्यात एकेक रोप वाकून लावायचं, ही लागण जवळपास पूर्ण बायकांच्या हातची. एका एकरात लाखांनी रोपं जातात, दिवसभर पाण्यात उभं राहून, कमरेतून वाकून. नंतर खुरपणी, मग काढणी, मग विळ्यानं पात कापणं, मग चाळीतली निवड. पेठ, सुरगाण्याकडून आदिवासी टोळ्या येतात, त्यात नवरा-बायको दोघं, सोबत लहान पोरं, शेतातच पालं टाकून राहतात. काम उक्तं असतं, एकराचा दर ठरवून, त्यामुळे अंधार पडेपर्यंत हात थांबत नाहीत. मजुरी आता पूर्वीपेक्षा बरी झालीय, मिळायलाही पाहिजे, पण ती लागण करणाऱ्या बाईचं नाव ना सातबाऱ्यावर ना पट्टीवर. माझ्या आईनं आयुष्यभर कांदा लावला, निवडला, बी सुद्धा तीच धरायची, चांगले एकसारखे कांदे बाजूला काढून डोंगळ्यासाठी, म्हणजे बी धरणाऱ्या दांड्यासाठी, लावायची, आणि मार्केटचं आवार तिनं आतून कधी बघितलं नाही. आमच्याकडच्या बहुतेक घरांत हेच सापडेल तुम्हाला.

आम्ही दुबईत असतो. मध्येच भारतीय कांदा गायब होतो आणि मग पाकिस्तानी, तुर्कस्तानचा घ्यावा लागतो. निर्यात बंद केली की गावात काय होतं?
– एक वाचक, दुबई

काय होतं ते तारखांसकट सांगतो. २०१९ च्या सप्टेंबरात निर्यातबंदी झाली, २०२० च्या सप्टेंबरात परत झाली. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके पडले की राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. म्हणजे तेव्हा शेतकरी बुडालाच होता. त्याच वर्षी ज्यांनी उन्हाळ कांदा चाळीत ठेवला त्यांना ऑगस्टमध्ये जरा भाव दिसायला लागला, तर १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. जिल्ह्यातल्या बाजार समित्या बंद पडल्या. मग ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून निघालं.

डिसेंबरातली बंदी सगळ्यात जास्त लागली, कारण तेव्हा बाजारात लाल कांदा होता, जो ठेवता येत नाही. बंदीची बातमी रात्री आली, सकाळी ज्यांच्या ट्रॉल्या भरून तयार होत्या त्यांनी करायचं काय? अशा वेळी गावात सगळ्यात आधी खताच्या दुकानाची उधारी वाढते, मग कापड दुकान ओस पडतं, लग्नं पुढच्या तिथीवर जातात, मोटारसायकलच्या शोरूमवाल्याला पण लगेच कळतं.

शहरातल्या माणसाला कांदा ऐंशी रुपये झाला की त्रास होतो हे मला मान्य आहे, १९९८ मध्ये कांद्यानं दिल्लीचं सरकार पाडलं असं म्हणतात आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार कांद्याला घाबरतं. पण माझं म्हणणं एवढंच आहे की भाव वाढला की दोन दिवसांत निर्णय होतो आणि भाव पडला की महिने जातात. आणि तुम्ही म्हणताय तसं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाच्या मालाकडे वळलं की बंदी उठल्यावर लगेच परत येत नाही, ते नुकसान कुठल्याच पट्टीवर दिसत नाही.

१९८० च्या आंदोलनात आमचे वडील होते असं ते सांगायचे. त्याबद्दल थोडं लिहाल का?
– एक वाचक, औरंगाबादहून (आता संभाजीनगर)

नक्की. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी, त्यांनी चाकणला कांद्याच्या भावावरून सुरुवात केली होती, ती १९७८ च्या सुमाराची गोष्ट. नोव्हेंबर १९८० मध्ये ते आंदोलन नाशिक जिल्ह्यात आलं तेव्हा ऊस आणि कांदा दोन्हींच्या भावासाठी लोक रस्त्यावर आणि रेल्वे रुळावर बसले, उसाला टनाला तीनशे रुपये ही मागणी होती. लासलगावच्या अलीकडचंच खेरवाडी स्टेशन, तिथे रेल्वे अडवली गेली आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी गेले. हजारो लोक तुरुंगात गेले. त्याच्या आधी आमच्याकडे शेतकरी भाव मागायचा तो हात जोडून. उत्पादन खर्चावर आधारित भाव हा शब्द त्या दिवसांत खेड्यापाड्यातल्या पारावर पोचला, आणि आज माझ्यासारखा माणूस वर तो शंभर क्विंटलचा हिशोब मांडून दाखवू शकतो ते त्याच पिढीमुळे. तुमच्या वडिलांच्या आठवणी तुम्ही लिहून काढा, तारखा चुकल्या तरी चालतील, ती माणसं आता कमी होत चाललीत.

कोकणातला हापूस अमेरिकेला जाताना लासलगावला का जायचा? खरं आहे का हे?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

खरं आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र आहे, २००२ मध्ये सुरू झालं. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा ठराविक डोस मालाला द्यायचा. ते बांधलं मुळात कांद्यासाठी, कारण अगदी थोड्या डोसनं, साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या डोसचं माप), कांद्याला कोंब येणं थांबतं. आंब्याला ४०० ग्रे देतात, त्यानं कोयीतला भुंगा आणि फळमाशीचा प्रश्न सुटतो. त्याच अटीवर २००७ मध्ये अमेरिकेनं आपल्या आंब्याला दार उघडलं आणि तेव्हा मान्यता असलेलं केंद्र हेच होतं, म्हणून हापूस घाट चढून आमच्याकडे यायचा. पुढे वाशीलाही सोय झाली. यानं फळ किरणोत्सारी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

कांद्यासाठी मात्र त्याचा जेवढा व्हायला हवा तेवढा उपयोग झाला नाही याचं मला वाईट वाटतं. विकिरणानं कोंब थांबतो, सड आणि वजनातली घट थांबत नाही, त्यासाठी पुढे थंड गोदाम लागतं, आणि तो सगळा खर्च किलोमागे कोण सोसणार हा प्रश्न शेवटी येतोच.

अमावास्येला मार्केट बंद असतं म्हणे?
– एक वाचक, जळगाव

असायचं. अनेक दशकं अमावास्येला लिलाव होत नव्हते, अलीकडे ती पद्धत मोडली आणि लिलाव होतात. मला हा बदल मनापासून आवडला. शनिवार-रविवारला जोडून अमावास्या आली, त्यात एखादा सण आला की चार-चार दिवस मार्केट बंद राहायचं आणि उघडल्यावर आवक एकदम अंगावर यायची, भाव पडायचा.

मुलांना घेऊन लासलगाव बघायला यायचंय. कधी यावं, आजूबाजूला काय आहे?
– एक वाचक, कल्याण

जानेवारीत या. लाल आणि रांगडा दोन्ही मार्केटमध्ये असतात, शेतात उन्हाळची लागण चालू असते, आणि थंडी अशी असते की निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. लिलाव बघायला सकाळी जा, रांगेच्या मध्ये उभे राहू नका, फोटो काढताना विचारा. निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव, १८४२ चा जन्म त्यांचा. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवा संगमावरच्या जुन्या बंधाऱ्यामागे पक्षी बघायला मिळतात, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते. येवल्याला पैठणीचे माग आहेत आणि मुक्तिभूमी आहे, तिथे १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, मुलांना ती जागा जरूर दाखवा. वेळ उरला तर चांदवडला अहिल्यादेवींचा रंगमहाल.

घरी वर्षाचा कांदा भरायचा तर कधी आणि कसा घ्यावा?
– एक वाचक, नागपूर

एप्रिलच्या शेवटी ते मेमध्ये, उन्हाळच घ्या. मान सुकून बारीक झालेली, पत्ती कडक, साइज मध्यम, फार मोठा घेऊ नका, मोठा लवकर सडतो. जोड, डेंगळे, काजळी (काळी बुरशी) आलेला बाजूला काढा. धुवायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात ठेवायचा नाही, जाळीच्या पोत्यात किंवा टोपलीत, हवा लागेल आणि ऊन लागणार नाही अशा जागी, बटाट्यापासून लांब. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळा हातानं फिरवून बघा आणि एक जरी मऊ लागला तर तेवढा लगेच काढून टाका. वर्षाचा मात्र भरू नका, घरी चाळीसारखी हवा मिळत नाही, दिवाळीपर्यंत पुरेल एवढाच घ्या. आणि जवळपास कुणी थेट शेतकरी देत असेल तर त्याच्याकडून मेमध्येच रोख पैसे देऊन घ्या, त्याला नेमकी तेव्हाच पैशाची गरज असते.